हजार किलोमीटरवरच्या अणुस्फोटाची समुद्रलाट मोजली कशी?

दर्यावर्दी (प्रश्न)

नमस्कार. १ नोव्हेंबर १९५२ रोजी मार्शल बेटांतील एनेवेटाक या कंकणद्वीपावर (कड्यासारख्या प्रवाळबेटावर) अमेरिकेने ‘आयव्ही माइक’ ही चाचणी केली. १०.४ मेगाटनांच्या त्या स्फोटात एलुगेलाब हे बेटच नाहीसे झाले आणि त्या जागी सुमारे १.९ किलोमीटर व्यासाचे विवर उरले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्या दिवशी अमेरिकेतील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेचे वॉल्टर मंक आणि विलार्ड बॅस्कम हे भर समुद्रात तराफ्यावर बसून, स्फोटातून त्सुनामी उठते का, यावर पहारा ठेवत होते, हे मात्र मला अलीकडेच कळले. नोंदयंत्रावर लाट दिसली असती, तर जवळच्या ‘होरायझन’ जहाजामार्फत पॅसिफिकमधील सखल बेटे रिकामी करण्याचा इशारा जायचा होता. प्रत्यक्षात त्सुनामी आली नाही.

माझ्या शंका अशा आहेत. पहिली म्हणजे, ज्या समुद्रावर मुळातच एक-दोन मीटरच्या लाटा सतत उसळत असतात, त्यावर तरंगणाऱ्या तराफ्यावरून काही सेंटीमीटरची लाट ओळखायची कशी? दुसरी, ती लाट स्फोटाचीच आहे, कुठल्यातरी दूरच्या वादळाची नाही, हे कशावरून ठरवायचे? आणि तिसरी शंका मला अधिक सतावते आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पाण्याला मिळालेली ऊर्जाही काही मेगाटनांच्याच घरात मोजली जाते, असे वाचले आहे. मग दहा मेगाटनांच्या बाँबने समुद्र एवढा शांत कसा राहिला?

समूहवेग (उत्तर)

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण दूरवरच्या मोजमापाचे खरे गमक तिच्यात आहे. लाट किती उंच आहे यावरून तिचे मूळ कळत नाही. कोणत्या आवर्तनकालाच्या (म्हणजे लागोपाठच्या दोन शिखरांमधल्या वेळेच्या) लाटा कोणत्या क्रमाने आल्या, यावरून ते कळते.

स्फोटामुळे पाण्यात क्षणभर खड्डा पडतो आणि तो भरून येताना लहानमोठ्या सर्व लांबीच्या लाटा एकदम सुटतात. खोल समुद्रात लांब लाटा वेगाने जातात आणि आखूड लाटा रेंगाळतात. प्रकाशाच्या बाबतीत आपण ज्याला अपस्करण म्हणतो तेच हे, फक्त लोलकाच्या जागी महासागर असतो. ४,००० मीटर खोल पाण्यात सर्वांत लांब लाटा सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने जातात. ६० सेकंद आवर्तनकालाच्या लाटांचा समूह मात्र सेकंदाला ४७ मीटरच जातो आणि ४० सेकंदांचा ३१ मीटर. म्हणून १,००० किलोमीटरवरच्या बेटावर पहिली चाहूल साधारण ८४ मिनिटांनी लागते, ६० सेकंदांच्या लाटा जवळपास सहा तासांनी पोहोचतात आणि ४० सेकंदांच्या लाटा येईपर्यंत नऊ तास होत आलेले असतात. एका क्षणात झालेल्या घटनेची नोंद अशी दिवसभर कागदावर उतरत राहते. २० सेकंदांच्या लाटा तर अठराव्या तासाच्या आसपास उगवतात आणि तोवर त्या नेहमीच्या लाटांत मिसळूनही गेलेल्या असतात.

वादळाच्या लाटाही याच क्रमाने येतात हे खरे. पण वादळ दिवस-दोन दिवस चालते आणि शेकडो किलोमीटरवर पसरलेले असते, त्यामुळे त्याची नोंद पुसट व रुंद होते. स्फोटाचे स्थळ आणि सेकंदापर्यंतची वेळ आधीपासून माहीत असते. कोणता आवर्तनकाल किती वाजता दिसायला हवा, याचे कोष्टक यंत्र सुरू होण्यापूर्वीच मांडून ठेवता येते; मग ते जुळते की नाही, एवढेच पाहायचे असते.

उंचीबद्दल थोडे. २५ जुलै १९४६ रोजी मार्शल बेटांतीलच बिकिनी कंकणद्वीपाच्या लगूनमध्ये, म्हणजे आतल्या उथळ पाण्यात, पृष्ठभागाखाली २७ मीटरवर, ‘बेकर’ चाचणी झाली. तिची क्षमता वीस-बावीस किलोटन होती. सुमारे ३०० मीटरवर पहिल्या लाटेची उंची ९४ फूट, ६०० मीटरवर ४७ फूट आणि ३.६६ किलोमीटरवर अवघी ९ फूट भरली. अंतर जवळपास बारापट झाले तेव्हा उंची दहापटींहून थोडी अधिक घटली, म्हणजे ढोबळमानाने उंची अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरते. हाच नियम नुसत्या कागदावर १,००० किलोमीटरपर्यंत ओढला, तर ९४ फुटांची लाट ९ मिलिमीटरवर येते.

बंदरखाते (उत्तर)

मी स्वतः काही वर्षे भरतीमापक यंत्रांच्या देखभालीत घालवली आहेत, म्हणून पहिल्या शंकेवर लिहितो.

बंदरातला भरतीमापक म्हणजे एक उभी विहीर आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट. विहिरीला तळाशी मुद्दाम लहान छिद्र ठेवतात, जेणेकरून वाऱ्याच्या लाटा आत शिरू नयेत आणि भरती-ओहोटीची संथ रेषाच कागदावर यावी. त्सुनामीचा आवर्तनकाल दहा ते तीस मिनिटांचा असल्याने ती या छिद्रातून बऱ्यापैकी आत येते. २७ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपाची त्सुनामी मुंबईच्या आणि कराचीच्या भरतीमापकांनी टिपली ती त्यामुळेच. एका मिनिटाच्या लाटेचे तसे नाही. छिद्रातून पाणी आत येऊन पातळी चढू लागते न लागते तोच बाहेरची लाट उतरलेली असते. आमच्या एका ठिकाणी ते छिद्र शेवाळ आणि शिंपल्यांनी अर्धे बुजले होते आणि भरतीची वेळच वीस-पंचवीस मिनिटे उशिरा उमटत होती. ती चूक लक्षात यायला आम्हाला कित्येक आठवडे लागले. अशा यंत्राने स्फोटाची लाट पकडण्याची आशा धरण्यात अर्थ नाही.

म्हणून दाबमापक वापरायचा. पाण्याची पातळी १ सेंटीमीटरने वाढली, तर खालचा दाब साधारण १ मिलिबारने वाढतो. लाट जितकी आखूड, तितका तिचा परिणाम वरच्या थरातच विरतो. ८ सेकंदांच्या वाऱ्याच्या लाटेची लांबी १०० मीटर असते आणि ५० मीटर खोलीवर तिचा दाब जेमतेम ४ टक्के उरतो. म्हणजे दाबमापक पुरेशा खोलीवर ठेवला, की वरचे पाणीच चाळणीचे काम करते. तराफा वर कितीही हेलकावत असला तरी बिघडत नाही. तराफ्यावर फक्त लेखणी आणि कागद असतात, मोजणारे यंत्र खाली स्थिर असते.

पण हीच चाळणी उलटूही शकते आणि मला यातला हा भाग फार आवडतो. ६० सेकंदांच्या लाटेची लांबी साडेपाच किलोमीटरांहून थोडी जास्त भरते. यंत्र ४,००० मीटर खोल तळावर ठेवले, तर या लाटेचा दाबसुद्धा तिथे फक्त २ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. शिवाय तिथे मुळातच सुमारे ४ लाख मिलिबार दाब असतो, त्यात मिलिबारच्याही अंशाचा चढउतार वाचायचा. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात यंत्र ठेवावे, तर खडक, प्रवाळभिंत आणि खाडीतले परावर्तन लाटेचे मूळ रूप बिघडवून टाकतात. मंक आणि बॅस्कम यांनी यावर तोड काढली ती अशी, की यंत्र बुडालेल्या सागरी पर्वताच्या माथ्यावर ठेवायचे. भोवताली खोल महासागर, किनारा दूर, आणि तरीही यंत्रावर पाणी मर्यादित. तराफाही त्याच माथ्याला ताठ तारेने बांधलेला होता.

खारेपाणी (उत्तर)

समूहवेग यांच्या लेखनात एक दुरुस्ती सुचवतो. बेकरचे आकडे बरोबर आहेत, परंतु ते लगूनमधले आहेत. तिथले पाणी ५५ ते ६० मीटर खोल होते आणि बाँब जवळपास मध्यावर टांगलेला होता. ९ फुटांची लाट ३.६६ किलोमीटरवर १५४ सेकंदांनी पोहोचली, म्हणजे वेग सेकंदाला २४ मीटरांच्या जवळ येतो. गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले तरी तेवढेच येते. पहिली लाट उथळ पाण्याच्या नियमाने चालत होती, असा याचा अर्थ. अशा लाटेत अपस्करण कमी असते, आणि नुसते वर्तुळ पसरत गेल्यामुळे होणारी घट अंतराच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात असायला हवी. बारापट अंतराला साडेतीनपट घट अपेक्षित असताना ती दहापट झाली, त्याला लाट फुटणे हेही कारण असणार. तेव्हा लगूनमधल्या चार किलोमीटरांवरून खुल्या महासागरातल्या हजार किलोमीटरांचे गणित करणे धाडसाचे आहे, मग उत्तर योग्य श्रेणीत का पडेना.

खोल पाण्यातल्या चाचण्या निराळ्या होत्या. १४ मे १९५५ ची ‘विगवॅम’ ही ३० किलोटनांची चाचणी सॅन डिएगोच्या नैर्ऋत्येला सुमारे ८०० किलोमीटरवर, ६१० मीटर खोलीवर झाली आणि तिथे समुद्रतळ जवळपास ४,९०० मीटर खाली होता. १९५८ मध्ये एनेवेटाकच्या बाहेरच्या बाजूला १५० मीटर खोलीवर ‘वाहू’ आणि आतल्या लगूनच्या तळावर ‘अंब्रेला’ अशा साधारण सारख्या क्षमतेच्या दोन चाचण्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने झाल्या; उथळ आणि खोल पाण्यातला फरक पाहायला यापेक्षा बरी जोडी मिळणार नाही. स्क्रिप्सचेच विल्यम व्हॅन डॉर्न हे पॅसिफिकमधील चाचण्यांच्या लाटांची मोजणी करत होते आणि १९६१ मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. दूर बेटांवर ठेवता येईल असा नोंदक त्यांनी घडवला होता, ज्यात एका बाजूने नेहमीच्या जलद लाटा आणि दुसऱ्या बाजूने संथ भरती-ओहोटी गाळून मधल्या आवर्तनकालांचा पट्टा तेवढा उरे.

समूहवेग

दुरुस्ती मान्य आहे. खोल पाण्यात मात्र व्यस्त प्रमाणाला सैद्धांतिक आधार आहे, तो आधीच सांगायला हवा होता. वर्तुळ पसरल्यामुळे उंची अंतराच्या वर्गमुळाने घटते, आणि अपस्करणामुळे लाटांचा जथा लांबत जातो, त्यामुळे पुन्हा तितकीच घटते. दोन वर्गमुळे मिळून पूर्ण अंतर होते. बेकरमध्ये तेच प्रमाण वेगळ्या कारणांनी आले, हा योगायोग मी पुरावा म्हणून वापरला.

आता तिसऱ्या शंकेकडे येतो. मेगाटनांची तुलना फसवी आहे. २००४ मध्ये हजाराहून अधिक किलोमीटर लांबीचा समुद्रतळ हलला आणि त्याच्यावरचा पाण्याचा संपूर्ण स्तंभ, तळापासून पृष्ठभागापर्यंत, एकदम उचलला गेला. त्यातून निघालेल्या लाटेची लांबी शेकडो किलोमीटर होती. तिच्या दृष्टीने सारा हिंदी महासागर उथळ डबके होता आणि त्यामुळे ती अपस्करण न होता एकसंध राहिली. बाँबचा खड्डा एक-दोन किलोमीटरचा, म्हणून लाटाही काही किलोमीटर लांबीच्या. त्या जन्मल्याबरोबर पांगायला लागतात. शिवाय स्फोटाच्या ऊर्जेतला फारच थोडा भाग, फार तर काही टक्के, लाटांना मिळतो. आयव्ही माइक तर पाण्याखाली नव्हताच, तो बेटावर जमिनीच्या पातळीवर झाला होता. त्याची बहुतांश ऊर्जा हवेत गेली.

पुढचा टप्पा भूखंडमंचाचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाचा. अशा काही किलोमीटर लांबीच्या मोठ्या लाटा किनाऱ्याकडे आल्या, तरी भूखंडमंचावर पाणी उथळ होताच त्या दूरवरच फुटतात आणि बरीचशी ऊर्जा तिथेच घालवतात. अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाच्या खर्चाने १९६८ मध्ये झालेल्या अहवालाचा निष्कर्षही, किनारा उद्ध्वस्त करण्याचे साधन म्हणून हा मार्ग फारसा परिणामकारक नाही, असाच होता. लाटा मंचावरच फुटण्याच्या या परिणामाला व्हॅन डॉर्न यांचेच नाव दिले जाते. आपला पश्चिम किनाऱ्यालगतचा भूखंडमंच मुंबईसमोर चांगलाच रुंद आहे, ही गोष्ट नकाशा समोर ठेवून पाहावी.

दर्यावर्दी

सर्वांचे आभार. पण मग मंक यांच्यासारख्या जाणकाराला भीती कशाची वाटली? बाँबमधून थेट उठणारी लाट पांगणार, हा हिशेब त्यांना १९५२ मध्येही करता आला असता.

बंदरखाते

त्यांची चिंता थेट लाटेची नव्हती. कंकणद्वीप म्हणजे समुद्रतळापासून हजारो मीटर उभा असलेला ज्वालामुखी आणि त्याच्या माथ्यावर प्रवाळाची टोपी. त्याच्या कडा फार तीव्र उताराच्या असतात. स्फोटाच्या हादऱ्याने त्या कड्याचा मोठा भाग खाली घसरला, तर दरडीने ढकललेले पाणी त्सुनामीचे रूप घेईल, ही ती शंका होती. बाँब हे निमित्त, ऊर्जा दरडीची. अशा घटनेचे आधी गणित मांडता येत नाही, कारण कडा कुठे कच्चा आहे हे कोणालाच दिसत नाही; म्हणून तिथे जाऊन मोजण्यावाचून गत्यंतर नव्हते. कागदावर लाट न उमटणे हासुद्धा त्या दिवशीचा निष्कर्षच होता. दरडीचे सामर्थ्य किती असते हे सहा वर्षांनी, ९ जुलै १९५८ रोजी, अलास्कातील लिटुया उपसागरात दिसले. भूकंपाने सुटलेल्या दरडीमुळे समोरच्या डोंगरावर ५२४ मीटर उंचीपर्यंतची झाडे पाण्याने खरवडून काढली. मात्र उपसागराच्या तोंडाबाहेर पडताच ती लाट झपाट्याने निवळली.

खारेपाणी

हीच भीती पुढे अल्युशियन बेटांतील आम्चिटकाबद्दल उघडपणे बोलली गेली. तिथे ६ नोव्हेंबर १९७१ रोजी जमिनीत खणलेल्या सुमारे १,८०० मीटर खोल उभ्या विहिरीत ‘कॅनिकिन’ ही अमेरिकेची सर्वांत मोठी भूमिगत चाचणी झाली. क्षमता ५ मेगाटनांहून थोडी कमी. १९६४ च्या अलास्का भूकंपाच्या त्सुनामीच्या आठवणी ताज्या असल्यामुळे कॅनडात व्हँकूव्हर येथे विरोधकांनी जी समिती काढली, तिचे नावच ‘लाट उठवू नका’ अशा अर्थाचे होते. तीच पुढे ग्रीनपीस झाली. त्सुनामी तेव्हाही आली नाही. विरोधाची किरणोत्साराची बाजू त्यामुळे खोटी ठरत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

तसेच, ‘अणुस्फोटाच्या समुद्रातील लाटा’ म्हटले की हल्ली अनेकांना आठवतात त्या ध्वनिलहरी. त्यांचा वर चाललेल्या चर्चेशी घोळ होऊ नये. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटर तो अकरा-बारा मिनिटांत पार करतो. मध्य अक्षवृत्तांत साधारण १,००० मीटर खोलीवर ध्वनीचा वेग सर्वांत कमी असणारा थर असतो. त्यात अडकलेला आवाज वर-खाली न विखुरता महासागर ओलांडतो. सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराच्या देखरेख यंत्रणेत यासाठी जगभर अकरा जलध्वनी केंद्रे आहेत आणि त्यांतले एक हिंदी महासागरात दिएगो गार्सिया येथे आहे. भारताने या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्या भूमीवर त्या जाळ्याचे केंद्र नाही. पाण्याखालच्या स्फोटाचा वायूचा बुडबुडा फुगतो, आकसतो आणि पुन्हा फुगतो. त्या ठोक्यांची लय ध्वनीत उमटते आणि भूकंपापेक्षा स्फोट वेगळा ओळखता येतो. पृष्ठभागावरच्या लाटेत ही खूण सापडत नाही. म्हणूनच आज गुपचूप झालेला स्फोट शोधायचा असेल, तर कोणी लाटा मोजत बसत नाही.

दर्यावर्दी

समूहवेग यांच्या आकड्यांवर मी एक गणित करून पाहिले, कृपया तपासावे. आवर्तनकाल उलटा करून वारंवारता काढली, तर ती वेळेबरोबर सरळ रेषेत वाढताना दिसते. सहाव्या तासाला ६० सेकंद आणि नवव्या तासाला ४० सेकंद धरले, तर त्या रेषेचा चढ मिळतो. गुरुत्वत्वरणाला त्या चढाने आणि पायच्या चौपटीने भागल्यावर अंतर आले सुमारे १,०१० किलोमीटर. याचा अर्थ, स्फोट कुठे झाला हे आधी सांगितले नसते, तरी एकाच ठिकाणच्या नोंदीवरून किती दूर झाला हे काढता आले असते. असेच ना?

समूहवेग

अगदी बरोबर. तास मी पूर्णांकात सांगितले होते, ते ५.९ आणि ८.९ धरले तरी अंतरात फारसा फरक पडत नाही, कारण दोन्हींतले अंतर तीनच तास राहते. तीच रेषा मागे शून्य वारंवारतेपर्यंत वाढवली, की स्फोटाची वेळही मिळते. दिशा मात्र एका यंत्रावरून कळत नाही. त्यासाठी दोन-तीन यंत्रे थोड्या अंतरावर त्रिकोणात ठेवावी लागतात.

मंक यांनी पुढे हे तंत्र नैसर्गिक लाटांना लावले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर अशा यंत्रांनी टिपलेल्या काही लाटांचे अंतर काढले, तर ते पृथ्वीच्या जवळपास अर्ध्या परिघाएवढे निघाले. वादळ हिंदी महासागरात होते आणि लाटा न्यूझीलंडच्या बाजूने वाट काढत तिथवर आल्या होत्या. मग १९६३ मध्ये त्यांनी न्यूझीलंडमधील केप पॅलिसर, सामोआतील टुटुइला, पाल्मिरा, हवाई, समुद्रात उभे राहणारे ‘फ्लिप’ जहाज आणि अलास्कातील याकुटाट अशी साखळी मांडून दक्षिणेच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा संपूर्ण पॅसिफिकभर माग काढला. त्या लाटा एका मिलिमीटरहून कमी उंचीच्या असतानाही नोंदीतून वेगळ्या काढता येत होत्या, कारण शोध उंचीचा नव्हता, रेषेच्या चढाचा होता.